दाखला तपासणार कोण?

आमच्या घराघरांतून आज पैशाचा व्यवहार हातातल्या फोनवर होऊ लागला आहे. विजेचे बिल भरावयाचे असो, परदेशी शिकणाऱ्या मुलाला पैसे पाठवावयाचे असोत, की दवाखान्यातील अहवाल मागवावयाचा असो, पूर्वी या कामांसाठी बस पकडून पोर्ट लुई गाठावे लागे आणि खिडकीपुढे रांगेत उभे राहावे लागे. आता तीच कामे व्हरांड्यात बसल्या जागी उरकतात. ही सोय मोठी आहे आणि तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु या सोयीचा सगळा भार एका न दिसणाऱ्या कुलपावर आहे. ते कुलूप कोण घडवतो, ते खरोखर लागते की नाही हे कोण पाहतो, आणि पाहणाऱ्याच्या पोटापाण्याची काळजी कोण घेतो, हे प्रश्न आमच्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येतात. अमेरिकेत २०१२ नंतरच्या काही वर्षांत या कुलपाच्या संबंधात जे प्रकार उघडकीस आले, त्यांचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे. विषय जरा तांत्रिक आहे, हे आम्ही जाणतो. पण या कुलपाचा बराचसा माल त्या देशातून जगभर जातो आणि आमच्या बेटावरच्या फोनांतही तोच असतो. तिकडच्या दाराला पडलेली भेग आमच्या दारालाही पडते, म्हणून हा विषय आमच्या वाचकांचाच आहे.

प्रथम हे कुलूप काय करते ते पाहू. त्याची कामे दोन आहेत. पहिले काम मजकूर मोहोरबंद करण्याचे. आपण बँकेला पाठवलेला आकडा किंवा गुप्त शब्द वाटेत कोणी पाहिला तरी त्याला अर्थ लागू नये, अशा सांकेतिक लिपीत तो बदलला जातो. या लिपीमागचे गणित भक्कम आहे. दुसरे काम ओळख पटवण्याचे. पाकीट कितीही घट्ट चिकटवले आणि ते चोराच्याच हाती दिले, तर चिकटवण्याचा उपयोग काय? म्हणून बँकेचा संगणक आपल्या फोनला आधी एक प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर बँकेचे नाव असते, मुदत असते, दाखला देणाऱ्या संस्थेची सही असते आणि बँकेच्या कुलपाची खूण असते. फोनने चार गोष्टी पाहावयाच्या असतात. दाखला देणारी संस्था विश्वासाची आहे काय? मुदत संपली नाही ना? दाखल्यावरचे नाव आपण हाक मारली त्याचेच आहे ना? आणि दाखला पुढे करणाऱ्याजवळ त्या कुलपाची खरी किल्ली आहे काय? या चारही प्रश्नांची उत्तरे बरोबर आली तरच पुढचे बोलणे व्हावयाचे.

दाखला म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कोणी शिकवावयास नको. या बेटावर १८६७ चा कायदा आला आणि करार संपलेल्या आमच्या आजा-पणजांना छायाचित्र चिकटवलेले तिकीट जवळ बाळगावे लागू लागले. रस्त्यात पोलिसाने अडवले की ते दाखवावे लागे. दाखवता आले नाही तर भटका ठरवून कोठडीत टाकीत. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली त्या काळची छायाचित्रे पाहून आजही अंगावर काटा येतो. त्या व्यवस्थेत दुबळ्याने बलवानापुढे आपली ओळख सिद्ध करावयाची होती. आजच्या प्रमाणपत्राची रीत बरोबर उलट आहे. येथे बलाढ्य बँकेने, कंपनीने, सरकारी कचेरीने आपल्यापुढे ओळख सिद्ध करावयाची आहे आणि दाखला आपण मागावयाचा आहे. हा एक मोठा हक्क आहे. मात्र तो बजावण्याचे काम आपण स्वतः करीत नाही. ते फोनमधल्या एका आज्ञावलीवर सोपवलेले असते. तो पहारेकरी झोपला तर आपला हक्क आपल्या नकळत बुडतो.

पहारेकरी झोपतो तो कसा, याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲपल कंपनीचे आहे. २१ फेब्रुवारी २०१४ रोजी या कंपनीने आयफोनसाठी घाईने एक दुरुस्ती पाठवली आणि चार दिवसांनी आपल्या मॅक संगणकांसाठीही पाठवली. दोष काय होता? आज्ञावलीत ‘गो टू फेल’ अशी एक ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली होती. पहिली ओळ तपासणीत खोट सापडली तरच चालावयाची होती. दुसरी मात्र काही सापडो वा न सापडो, चालतच होती. परिणाम असा की शेवटची तपासणी होण्याआधीच आज्ञावली बाहेर पडे आणि ‘सर्व ठीक’ असे सांगून मोकळी होई. गाळली गेलेली तपासणी कोणती? दाखला पुढे करणाऱ्याजवळ खरी किल्ली आहे की नाही, हीच. म्हणजे पोलिसाने तिकीट हातात घेतले, शिक्का पाहिला, मुदत पाहिली, पण छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून न पाहताच सलाम ठोकला! हा दोष आयफोनांत २०१२ च्या सप्टेंबरपासून, म्हणजे सुमारे दीड वर्ष, नांदत होता. ही आज्ञावली कंपनीने सर्वांना वाचण्यासाठी उघडी ठेवलेली होती, हे विशेष. दार उघडे आहे म्हणजे आत कोणी डोकावून पाहिले आहे, असे समजू नये.

ही एकट्या ॲपलची कहाणी असती तर अपघात म्हणून सोडून देता आली असती. परंतु त्याआधीच, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठ यांच्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. ब्राउझर वगळता इतर सॉफ्टवेअर दाखला कसा तपासते, हे त्यांनी पाहिले. ॲमेझॉन आणि पेपाल यांनी व्यापाऱ्यांना पैसे घेण्यासाठी दिलेल्या तयार आज्ञावली आणि चेस बँकेचे फोनवरचे ॲप अशी मोठमोठी नावे त्यांच्या यादीत होती. या ठिकाणी तपासणी एक तर होतच नव्हती किंवा नावापुरती होती.

त्यातला एक प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ‘कर्ल’ नावाचा आज्ञावलींचा एक तयार संच जगभर वापरला जातो. नाव तपासावे की नाही, हे त्याला आकड्याने सांगावे लागे. शून्य म्हणजे तपासू नको. एक म्हणजे दाखल्यावर काही तरी नाव लिहिलेले आहे एवढेच पाहा. आणि दोन म्हणजे ते नाव आपल्याला हवे त्याचेच आहे काय, हे ताडून पाहा. आता आज्ञावली लिहिणाऱ्या भल्या माणसाने तेथे ‘होय, तपास’ या अर्थी ‘ट्रू’ असा शब्द लिहिला. संगणकाच्या भाषेत ‘ट्रू’ म्हणजे एक! त्याला वाटले, आपण पहारा बसवला. प्रत्यक्षात पहारेकरी फक्त एवढेच विचारीत होता की, बाबा, तुझ्या कागदावर नाव आहे ना? मग जा आत. पुढे त्या संचातून तो घातक ‘एक’ काढून टाकण्यात आला, हे योग्यच झाले. पण त्यातून मिळालेला धडा विसरू नये. लिहिणारा आळशी नव्हता, लबाडही नव्हता. हत्यारच असे बेतले होते की सरळ माणसाचा हात त्याने कापावा.

काही ठिकाणी मात्र पहारेकरी जाणूनबुजून घरी पाठवला गेला. २८ मार्च २०१४ रोजी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दोन कंपन्यांशी झालेली तडजोड जाहीर केली. एक सिनेमाची तिकिटे विकणारी फॅनडँगो आणि दुसरी लोकांच्या कर्जफेडीची माहिती देणारी क्रेडिट कर्मा. आयोगाची तक्रार अशी होती की, या दोघांच्या ॲपमध्ये दाखल्याची तपासणी बंद करून ठेवलेली होती. फॅनडँगोच्या आयफोनवरील ॲपमध्ये तर जवळजवळ चार वर्षे. वास्तविक ॲपल काय आणि गूगल काय, फोनबरोबर ही तपासणी आयती देतात. ती न करण्यासाठीच मुद्दाम काही लिहावे लागते. क्रेडिट कर्माच्या बाबतीत, चाचणीच्या वेळी सोय म्हणून तपासणी बंद केली आणि ॲप लोकांच्या हाती देताना ती पुन्हा सुरू करावयाची राहून गेली, असे आयोगाने नमूद केले. तडजोडीनुसार पुढील वीस वर्षे दर दोन वर्षांनी तिऱ्हाइताकडून सुरक्षेची तपासणी करून घेण्याचे बंधन दोघांवर पडले. घर बांधताना गवंड्याने दाराला दगड लावून ठेवावा आणि गृहप्रवेशानंतरही तो कोणी काढू नये, तसा हा प्रकार.

आता कोणी विचारील की, एवढ्या हुशार लोकांच्या हे वर्षानुवर्षे ध्यानात कसे आले नाही? त्याचे उत्तर कुलपाच्या स्वभावातच आहे. कुलूप उघडत नसेल तर घरचा धनी त्याच दिवशी आरडाओरडा करतो. परंतु तेच कुलूप कोणत्याही किल्लीने उघडत असेल, तर धन्याची तक्रार कशी येणार? त्याची किल्ली चालते आहे. तो समाधानी आहे. खऱ्याला अडवणारी चूक लगेच दिसते, खोट्याला आत सोडणारी चूक दिसत नाही. म्हणून ‘आजवर काही बिघडले नाही’ हा या बाबतीत पुरावा होऊ शकत नाही. खोटा दाखला मुद्दाम पुढे करून तो नाकारला जातो काय, हे पाहिल्याशिवाय पहारेकरी जागा आहे असे म्हणता येत नाही.

येथवर आपण पहारेकऱ्याच्या झोपेविषयी बोललो. आता त्याच्या उपासमारीविषयी बोलावयास हवे. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष जगजाहीर झाला. तो ‘ओपन-एसएसएल’ या मोफत मिळणाऱ्या आज्ञावली-संचात होता. कुलपे स्वतः न घडवता हा संच जसाच्या तसा वापरण्याची चाल जगभर पडलेली होती. गूगलचा एक अभियंता आणि फिनलंडमधील कोडेनोमिकॉन कंपनीचे लोक यांना तो दोष स्वतंत्रपणे सापडला. त्याचे स्वरूप शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. दोन संगणक बोलत असताना एक दुसऱ्याला अधूनमधून विचारतो, ‘जागा आहेस ना? असशील तर हा शब्द परत पाठव. याची अक्षरे इतकी.’ दुसऱ्याने तो शब्द तसाच परत करावयाचा. परंतु विचारणाऱ्याने चार अक्षरांचा शब्द देऊन अक्षरे चौसष्ट हजार आहेत असे सांगितले तर? उत्तर देणाऱ्याने मोजून पाहावयास हवे होते. तो मोजत नव्हता. चार अक्षरे देऊन, पुढची चौसष्ट हजार अक्षरे आपल्या स्मरणातून उचलून तो समोरच्याच्या पदरात टाकीत होता. त्यात कोणाचा गुप्त शब्द असे, कोणाचे पत्र असे, कधी तर त्या कुलपाची मूळ किल्लीच असे. आणि चोरी झाल्याची नोंद साधारणपणे कोठेही उरत नसे.

जाणकारांच्या मोजणीप्रमाणे त्या वेळी सुमारे पाच लाख सर्व्हर या दोषाला बळी पडण्याजोगे होते. कॅनडाच्या कर-खात्याला विवरणपत्रे भरण्याच्या ऐन हंगामात आपली सेवा बंद ठेवावी लागली आणि तेवढ्यातही सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले. दोष शिरला कसा? जर्मनीतील एका संशोधक विद्यार्थ्याने ही सुविधा लिहिली, एका जुन्या जाणत्याने ती तपासली आणि २०११ च्या शेवटच्या दिवशी ती संचात दाखल झाली. दोघांच्याही नजरेतून ते न मोजणे निसटले. दोघांपैकी कोणालाही आम्ही दोष देऊ इच्छीत नाही. दोष आहे तो पुढल्या हिशेबात.

तो हिशेब असा. ओपन-एसएसएलचा आर्थिक कारभार अमेरिकेतील एक लहानशी संस्था पाहत असे. तिच्या अध्यक्षांनीच त्या वेळी लिहिले की, वर्षाकाठी देणग्या येत त्या सुमारे दोन हजार डॉलरच्या. आणि या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतलेला माणूस होता फक्त एक. ज्या संचावर बँकांचे, व्यापाऱ्यांचे, सरकारांचे अब्जावधी डॉलरचे व्यवहार उभे होते, त्याच्या देखभालीला एक माणूस! हार्टब्लीडचा गाजावाजा झाल्यावर आठवड्याभरात सामान्य लोकांकडून सुमारे नऊ हजार डॉलर जमा झाले. मोठ्या कंपन्या त्यानंतर जाग्या झाल्या. २४ एप्रिल २०१४ रोजी लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने ॲमेझॉन, फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदी कंपन्यांनी एक निधी उभारण्याचे जाहीर केले. प्रत्येकीने वर्षाला किमान एक लाख डॉलर, अशी तीन वर्षे द्यावयाची होती. ही रक्कम त्यांच्या नफ्यापुढे चिल्लर होती. ती आधीच दिली असती तर?

आमच्या वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. गणेश चतुर्थीला मंडळाच्या सभागृहात पाय ठेवावयास जागा नसते. आरती, प्रसाद, झाकरी सर्व काही थाटात होते. पण पावसाळ्याआधी छपराची गळती पाहण्यासाठी शिडी चढणारा गृहस्थ बहुधा एकच असतो, आणि त्याला एक कौल बदलण्याचे पैसे मागावयास दहा दारे फिरावी लागतात. चक्रीवादळात पत्रा उडाला की मात्र सगळे विचारतात, ‘याकडे कोणी पाहिले कसे नाही?’ जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही, ही वृत्ती एका बेटाची किंवा एका जातीजमातीची नव्हे. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्याही तिच्यातून सुटल्या नाहीत.

देखभालीकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, हे २०१७ मध्ये अटलांटाच्या इक्विफॅक्स कंपनीने पुन्हा दाखवून दिले. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती तेथून चोरीला गेली. चोर शिरले ते दुसऱ्याच भोकातून. परंतु ये-जा करणाऱ्या मजकुरावर नजर ठेवणारे जे यंत्र कंपनीने बसवले होते, त्याच्या प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेली होती. यंत्र जागेवर होते, पण त्याला काही दिसत नव्हते. २९ जुलै रोजी कोणी तरी प्रमाणपत्राचे नूतनीकरण केले, तेव्हा लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोपर्यंत चोर घरात शिरून अडीच महिने झाले होते.

झोप आणि उपासमार यांहून वाईट असा तिसरा प्रकार आहे, तो फितुरीचा. लिनोव्हो कंपनीने २०१४ च्या अखेरीस विकलेल्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर आधीच भरून दिलेले होते. त्याने संगणकाच्या विश्वासू संस्थांच्या यादीत आपलेच नाव घुसवले होते, म्हणजे कोणत्याही बँकेच्या नावाचा दाखला त्याने स्वतःच द्यावा आणि संगणकाने तो मानावा. त्यातही सर्व लॅपटॉपांना किल्ली एकच! ती एकाने शोधून काढली, की सगळी घरे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झाले. २०१७ मध्ये कंपनीने फेडरल ट्रेड कमिशनशी आणि ३२ राज्यांशी तडजोड केली व राज्यांना ३५ लाख डॉलर द्यावे लागले.

आमच्या पूर्वजांच्या देशातही असा प्रसंग घडला आहे. जुलै २०१४ मध्ये भारत सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या अधिकारातून गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाल्याचे आढळले. दाखले देण्याच्या तेथील व्यवस्थेतच कोणी शिरकाव केला होता, असे भारतीय अधिकाऱ्यांनी सांगितले आणि तो अधिकार तत्काळ रद्द केला. गूगलने यापुढे जाऊन आपल्या क्रोम ब्राउझरपुरता भारताच्या मूळ प्रमाणकाचा विश्वास मोजक्या भारतीय नावांपुरता मर्यादित करून टाकला. सरकारी शिक्का आहे म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवावा, अशी ही जागा नाही.

हे सर्व सांगण्यामागे एक जवळचे कारणही आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्याच आय. सी. टी. ए. या दूरसंचार प्राधिकरणाने एक विचारपत्रिका काढली होती. सामाजिक माध्यमांवरील खोटी खाती आणि द्वेषाचा मजकूर आटोक्यात आणावा, क्रिओल भाषेतील तक्रारींकडे परदेशी कंपन्या लक्ष देत नाहीत यावर उपाय काढावा, हा तिचा हेतू सांगितला होता. तक्रार खरी होती. पण सुचवलेला उपाय असा होता की, या माध्यमांकडे जाणारा-येणारा सर्व मजकूर एका मधल्या सर्व्हरकडे वळवावा, तेथे त्याचे कुलूप उघडावे, मजकूर साठवावा आणि पुन्हा कुलूप लावून पुढे पाठवावा. त्यासाठी प्रत्येकाच्या फोनमध्ये प्राधिकरणाचे प्रमाणपत्र बसवावे लागणार होते. म्हणजे वाटेत बसलेल्या तिऱ्हाइताने फेसबुकचे नाव सांगावे आणि आमच्या फोनने ते मुकाट्याने मान्य करावे! देशातून हरकती आल्या, परदेशी संस्थांनी विरोध केला, मोझिला आणि गूगल यांनी मिळून आक्षेप नोंदवले. ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. हेतू कितीही चांगला असो, लिनोव्होच्या लॅपटॉपात जे जाहिरातीसाठी झाले तेच येथे बंदोबस्तासाठी व्हावयाचे होते. ज्या सर्व्हरवर साऱ्या बेटाचा मजकूर उघडा पडेल, तो सर्व्हर साऱ्या जगातील चोरांचे तीर्थक्षेत्र होईल. कुंपणालाच शेत खाण्याची मुभा देऊन शेत राखता येत नाही. सरकारे बदलतात, पत्रिका मागे पडतात. पण अशी कल्पना एकदा सुचली की ती पुन्हा केव्हा डोके वर काढील याचा नेम नसतो.

यावर काही वाचक म्हणतील, एवढ्या भेगा असतील तर फोनवरचा व्यवहारच नको. हा निष्कर्ष आम्हांला मान्य नाही. भेगा सापडल्या, त्या सापडल्यामुळेच बुजवल्या गेल्या. जानेवारी २०२० मध्ये विंडोजमधील दाखले तपासणाऱ्या भागात एक गंभीर दोष अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला आढळला. हेरगिरी हाच ज्या संस्थेचा धंदा, तिनेही तो दडवून न ठेवता मायक्रोसॉफ्टला कळवला आणि लोकांना दुरुस्ती मिळाली. कॅलिफोर्नियातील एका ना-नफा संस्थेने ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही योजना काढून २०१५ पासून प्रमाणपत्रे फुकट वाटली. गरीब संस्थेलाही खरा दाखला मिळू लागला. आता दाखल्यांची मुदतही कमी होत आहे. एप्रिल २०२५ मधील निर्णयानुसार ती टप्प्याटप्प्याने घटत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, म्हणजे चोरीला गेलेला दाखला फार काळ चालणार नाही. थोडक्यात, कुलूप टाकून देऊ नये. ते तपासणाऱ्याला जागे ठेवावे.

आमच्या हाती काय आहे? पहिली गोष्ट, फोन किंवा संगणक दुरुस्ती मागतो तेव्हा ‘उद्या पाहू’ म्हणू नये. वर सांगितलेल्या दोषांवर उतारा आला तो दुरुस्तीच्या रूपानेच, आणि ज्यांनी ती घेतली नाही त्यांची दारे उघडीच राहिली. दुसरी गोष्ट, दाखला जुळत नाही अशी सूचना पडद्यावर आली तर ती अडचण समजून बाजूला सारू नये. पहारेकरी जागा असल्याची ती खूण आहे. बँकेच्या बाबतीत तरी तेथेच थांबावे आणि शाखेला विचारावे. तिसरी गोष्ट, फोनमध्ये प्रमाणपत्र बसवा असे कोणी सांगितले, मग तो दुकानदार असो, ॲप असो वा अधिकारी, तर कारण विचारल्याशिवाय बसवू नये. आणि चौथी, घरातील वडीलधाऱ्यांना नीट सांगावे की कुलपाचे चित्र म्हणजे प्रामाणिकपणाचा दाखला नव्हे. पाकीट मोहोरबंद आहे आणि पत्त्यावरच्या नावालाच ते पोहोचते, एवढाच त्याचा अर्थ. ठकानेही आपल्या नावाचा खरा दाखला काढलेला असू शकतो. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलपाचे चित्रच काढून टाकले.

एबेनच्या कचेऱ्यांतून आज्ञावली लिहिणारी आमची मुले-मुली आहेत. काही अमेरिकेत, इंग्लंडात, फ्रान्समध्ये आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, चाचणीसाठी तपासणी बंद केली असेल तर ती पुन्हा सुरू झाल्याची खात्री केल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये, आणि खोटा दाखला पुढे करून पाहिल्याशिवाय पहारा बसवला असे समजू नये. साहेब घाई करील. घाईत राहून गेलेल्या एका ओळीने लाखोंची दारे दीड वर्ष उघडी राहिली, हे त्याला सांगावे.

आणि आमच्या बँकांना, विमा कंपन्यांना व सरकारी खात्यांना आमचा एक प्रश्न आहे. ज्या मोफत आज्ञावलींवर आपला कारभार चालतो त्यांची यादी आपल्याजवळ आहे काय, आणि त्यांच्या देखभालीसाठी आपण वर्षाला एक रुपया तरी देता काय? आमच्यासारख्या लहान देशाने एकट्याने कुलपे घडवावीत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या विहिरीचे पाणी आपण रोज पितो, तिच्या काठाची डागडुजी करावयास वर्षातून एक दिवस तरी फावडे घेऊन गेले पाहिजे. वार्षिक अहवालात संचालकांची छायाचित्रे छापली जातात. त्याच अहवालात या खर्चासाठी एक ओळ असावी, एवढी मागणी आमच्या वाचकांनी आपापल्या बँकेकडे लेखी करावी.